ठिपक्याचा खण

आमदारांच्या बायकोला सगळं सोलापूर वहिनी म्हणायचं. सभेत त्या चपला काढून खुर्चीच्या अगदी कडेला बसत, आणि कुणी काहीही मागितलं की म्हणत, "सांगते की सायबास्नी." ओटीत खण पडला की मात्र त्याचे काठ बोटांनी चाचपून बघायच्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष असेल. मी शाळेत शिकवत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. वहिनी मिळालेले खण दुसऱ्यांच्या ओटीत सारतात, अशी माझी खात्री होती. शाळेच्या समारंभात त्यांना द्यायच्या पिवळ्या खणावर मी कोपऱ्यात धोब्याच्या पक्क्या शाईचा ठिपका दिला आणि इतर बाईंना म्हटलं, "आता हा गावात कुणाच्या अंगावर निघतो ते बघाच."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी स्वतःच तो अंगात घालून आल्या. ठिपका बाहीवर, अगदी समोर. मी कुंकू लावायला वाकले तशा हळूच म्हणाल्या, "शिंपी म्हनला, डागाचं कापून टाकतो. म्या म्हटलं, नगं, बाई हुडकत असतील की."

माझ्या हातून कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. ते पुसत त्या शेजारणीला म्हणाल्या, "लई चांगलं शिकवत्यात ह्या बाई."

माझ्या खोडीबद्दल त्यांनी कुणाकडं अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या जागी मी असते, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळवलं असतं.