सतरा नंबरची कडी

मैदानावर तिला सगळे कडीमावशी म्हणत. विमानातून उडी मारायला येणाऱ्या हौशी मंडळींची पॅराशूट घडी घालून पिशवीत भरणं हे तिचं काम. पण तिचा जीव खरा गुंतलेला असे तो कड्यांत. पॅराशूटच्या दोऱ्या खांद्यावरच्या पट्ट्यांना जिथे जोडलेल्या असतात, तिथे अंगठ्याएवढी पोलादी कडी असते. एका पॅराशूटला अशा चार. कडीचं तोंड आट्यांच्या नटाने बंद होतं. हा नट आधी बोटांनी बसेल तेवढा बसवायचा, मग छोट्या पान्याने पाव फेरा द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. जास्त पिळला तर नटाला चीर जाते, कमी पिळला तर हवेतल्या थरथरीने तो हळूहळू सुटत जातो. पाव फेरा झाला की मावशी लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढी, अर्धी नटावर आणि अर्धी कडीवर. नट केसभर जरी हलला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांना सोडून जात आणि ते लांबूनही दिसे.

बावीस वर्षं हे काम करून ती स्वतः एकदाही विमानात बसली नव्हती. दर रविवारी उडी मारायला येणारा एक जाडजूड दंतवैद्य तिला चिडवी, की मावशी, चला एकदा वर, सुंदर दिसतं सगळं. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, की मी वर आले तर माझी कडी कोण बघणार? तुम्ही? तुम्ही तर दात पण चुकीचा काढता.

नव्याने घडी शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट दहा वेळा सांगे. रेघ डोळ्यांनी बघा, नट बोटांनी चाचपा, कडीच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा, झीज असेल तर नखाला कळते. पण रेघ जुळलेली असेल तर नट उघडून बघायचा नाही. घट्ट आहे का ते बघायला सैल केलात तर मग घट्ट राहिलं काय, असं ती विचारी आणि समोरचा हसला की त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगे.

नवरा आजारपणात गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती शाळा सुटली की मैदानावर येई आणि घडीच्या लांबलचक टेबलाखाली बसून अभ्यास करी. एकोणिसाव्या वर्षी तिने सांगितलं की तिला उडी शिकायची आहे.  तिसऱ्या दिवशी मावशी टेप घेऊन आली आणि मुलीच्या खांद्यांचं माप घेतलं. मापाला जुळणारं फिक्या निळ्या रंगाचं सतरा नंबरचं पॅराशूट तिने कपाटातून काढलं, त्यावर मुलीच्या नावाची चिठ्ठी लावली आणि तेवढ्यावर परवानगी झाली असं मुलीने समजून घेतलं.

शिक्षकाच्या अंगाला बांधून घेऊन मारायच्या उड्या झाल्या. पहिली एकटीची उडी पंधरा दिवसांनी, रविवारी ठरली.

ती तारीख ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला सतरा नंबरच्या मागच्या डाव्या कडीवरची रेघ तुटलेली दिसली. तुटलेली म्हणजे खवल्यासारखी उडालेली नव्हे. नट फिरला होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

आपलंच काहीतरी राहिलं असेल, असं समजून तिने जुनी रेघ पुसली, नट बसवला, पाव फेरा दिला, नवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेघही तुटलेली होती. पुन्हा तेवढीच. तिसऱ्या दिवशीही. कपाटाला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात. कपाटात चाळीस पॅराशूट होती, एकशे साठ कड्या. बाकी एकशे एकोणसाठ कड्यांवरच्या रेघा जशाच्या तशा होत्या.

तिने सरांना सांगितलं. सर म्हणजे मैदानाचे मुख्य शिक्षक, गुडघ्याने अधू झाल्यापासून फक्त जमिनीवरून ओरडणारे. ते आधी हसले, मुलीची उडी आली की आईच्या रेघा हलायच्याच, म्हणाले. पण त्यांनी स्वतः भिंग लावून बघितलं आणि मग हसले नाहीत. त्यांनीच सुचवलं की संध्याकाळी कपाटाच्या दोन्ही दारांवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर सही करा. कुणी उघडलं तर पट्टी फाटेल.

मावशीने पट्टी लावली, सही केली, तारीख घातली. सकाळी पट्टी जागेवर होती. सही अखंड होती. तिने पट्टी कापून दार उघडलं, सतरा नंबर बाहेर घेतलं आणि कडीकडे न बघताच तिला कळलं.

त्या दिवसापासून तिला शेडमध्ये एकटीने थांबणं नको वाटू लागलं. ओलसर झालेली पॅराशूट वाळवायला छताला टांगलेली असत आणि वारा नसतानाही त्यांच्या दोऱ्या संथ हलत. बावीस वर्षं त्या तशाच हलत होत्या, पण आता पाठीमागे कुणीतरी उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतंय असं वाटे. दंतवैद्याने कानावर आलं म्हणून विचारलं, की सतरा नंबरवर पूर्वी कुणाचं काही झालं होतं का? सरांनी वही काढून दाखवली. नऊ वर्षं, सहाशे उड्या, कुणाचा पायसुद्धा मुरगळलेला नाही. हे ऐकून मावशीला बरं वाटायला हवं होतं. भुताला निदान काही कारण तरी असतं.

दिवसही लवकर मावळायला लागले होते. पाचला कपाट बंद करून ती निघे, घर चालत वीस मिनिटांवर, आणि पोचेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागलेले असत.

रविवार तीन दिवसांवर आला तेव्हा तिने मुलीला सांगून टाकलं. शेडमध्येच, टेबलाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या होत्या, मध्ये निळं कापड पसरलेलं. ती म्हणाली, की या पॅराशूटने तू उडी मारायची नाहीस. का, ते विचारू नकोस, माझ्याकडे उत्तर नाही. कडी आपोआप सुटतेय, कुलपात सुटतेय.

मुलगी घडी घालता घालता थांबली.

"आई, मग तू ती रोज उघडतेस कशाला?"

"कोण उघडतं?"

"तू. रोज संध्याकाळी. कपाट बंद करून फाटकापर्यंत जातेस आणि परत येतेस."

मावशी म्हणाली, की थट्टेची ही वेळ नाही. मुलगी थट्टा करत नव्हती. तिने सांगितलं, की ती सायकल न्यायला मागच्या बाजूला जाते तेव्हा खिडकीतून दिसतं. आई येते, पट्टी फाडते, सतरा नंबर काढते, डोळे मिटून नट सोडवते, पुन्हा बसवते, बराच वेळ बोटांत धरून उभी राहते. मग नवी पट्टी लावते, सही करते आणि जाते. नऊ-दहा वेळा तरी पाहिलंय.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझी कडी म्हणून दोनदा बघतेस. उगाच कशाला चिडवायचं."

टेबलाखाली कचऱ्याची टोपली होती. त्यात दोऱ्यांचे तुकडे, नेलपॉलिश पुसलेले बोळे, आणि त्यांच्याखाली फाटलेल्या पट्ट्या. मावशीने त्या एकेक करून टेबलावर सरळ केल्या. सगळ्यांवर तिची सही होती. त्यातली एकही सही घाईत केलेली नव्हती, शेवटचा फाटा नेहमीसारखा वर वळवलेला होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ऐन उन्हाळा चालू होता. दिवस लहान होत नव्हते, मोठे होत होते. पाच ते दिवे लागेपर्यंतचे दोन तास रोज कुठेतरी जात होते आणि तिला त्यातलं मिनिटही आठवत नव्हतं.

मुलगी काही म्हणायच्या आत तिने गळ्यातली किल्ली काढली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. जे होतं ते सांगितलं, पट्ट्याही दाखवल्या. सरांनी मागच्या डाव्या कडीचा नट पूर्ण काढला, पुसला, उजेडात धरला. रोज सोडून रोज पिळल्यामुळे आटे गुळगुळीत झाले होते, आणि कडेला एक चीर होती, केसाहून बारीक. ही किती टिकली असती, असं मावशीने विचारलं. सरांनी नट टेबलावर ठेवला. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मावशी, दोन उड्या. कदाचित एकही नाही."

बाकीच्या कड्या सरांनी आणि मुलीने दीड दिवस बसून तपासल्या. एकाही कडीला मावशीच्या हाताने इजा झालेली नव्हती. मुलगी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी चार प्रश्न विचारले, दोन तपासण्या लिहून दिल्या, महिनाभर बघू म्हणाले. घडी घालायला सरांनी नाही म्हटलं नाही, पण सही आता त्यांची असणार होती. मावशीने मान हलवली. तिनेही तेच ठरवलं असतं.

सतरा नंबरला नवी कडी मुलीने स्वतः बसवली. मावशी दाराबाहेर उभी होती. आतून मुलीचा आवाज आला, आई, बघायचं नाही. ती म्हणाली, की बघत नाहीये गं.

रविवारी ती बाकावर तळहात मांड्यांखाली दाबून बसली. विमान वर जाऊन माशीएवढं झालं, त्यातून एक ठिपका सुटला, बराच वेळ नुसता ठिपकाच राहिला, आणि मग फिकं निळं कापड उघडलं. दंतवैद्य टाळ्या वाजवत होता. मुलगी जमिनीवर उतरली, धडपडली, हसत उठली. मावशीला आपले तळहात बाहेर काढायला वेळ लागला, इतके ते बधिर झाले होते.

सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं. तिलाही वाटलं.

सोमवारी सकाळी मुलगी चहाचा कप नुसता हातात धरून बसली होती. मावशीने विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाली. पुन्हा विचारलं तेव्हा कप खाली ठेवला.

"काल संध्याकाळी मी कपाटासमोर थांबले होते. म्हटलं बघू. साडेपाचला तू आलीस."

मावशीला काल संध्याकाळ आठवत होती. मैदानावरून ती घरी आली होती, हातपाय धुतले होते, दिवा लावला होता.

"मी काही बोलले?"

"ताई, जरा सरकता का, म्हणालीस. माझी मुलगी उद्या उडी मारणार आहे, तेवढी कडी बघून घेते."

"ताई?"

"हो. आणि अहो-जाहो."

मावशीने विचारलं, मग तू काय केलंस. मुलीने सांगितलं, की किल्ली सरांकडे होती, म्हणून तिने खिशातली जुनी कडी दिली, ती चीर गेलेली. आईने ती उजेडात धरली, डोळे मिटून नट सोडवला, बसवला. तेवढ्याने तिचं समाधान झालं. कडी परत देताना तिने पोरीकडे नीट बघितलं, अंगावरचा उडीचा पोशाख बघितला आणि विचारलं, तुम्हीही वरून उड्या मारता वाटतं?

"मग?"

"हो म्हणाले."

 मुलगी उठून कप धुवायला गेली आणि नळ सोडून पाठमोरीच म्हणाली, "मग म्हणालीस, आईला सांगून येत जा हं. तिकडे तिचा जीव थाऱ्यावर नसेल."