उपाशी कोपरा

आमच्या म्हसावदच्या शिवणकेंद्रात 'एथिकल', म्हणजे नीतिमान कपडे शिवले जातात. कपड्यांनाही नीती असते, हे मला पन्नाशीत कळलं. जुन्या लुगड्यांचे थर लावायचे, गोधडीसारखे टाके घालायचे आणि झालेलं जॅकेट परदेशी पाठवायचं. केंद्र नेहलताईंचं. त्या शहाद्याच्या जैन व्यापाऱ्याची सून, मनाने चांगल्या. मी इस्त्री करते आणि बायकांवर ओरडते.

टाके घालणाऱ्या बायका धरणात गाव बुडालेल्या. त्यांतली ठुमलीबाई सगळ्यांत थकलेली. नर्मदाकाठ सोडून वसाहतीत आली तेव्हा नवी नवरी होती. मग वर्षानुवर्षं गुजरातेत ऊसतोड. पाठ गेली तेव्हा सुई धरली. केंद्र बंद पडलं तर पुन्हा कोयता, हे तिला पक्कं ठाऊक.

दिवाळीच्या तोंडावर सगळा माल परत आला. जॅकेटांत किडे निघाले होते. नेहलताईंनी आधी बजावलं, किडे मारू नका, अंगणात झटका. मग एक कोपरा उसवला. आत ज्वारीचे चार दाणे, पोखरलेले.

"हे कोणी घातलं?"

"मी," ठुमलीबाई सहज म्हणाली. "उपाशी गोधडी कोनले देतस नही, ताई. मन्ही माय बी असंच करे."

दाणे बुडालेल्या गावच्या बियाण्याचे होते. दरसाल घरामागे मूठभर पेरून तिने ते जपले होते.

नेहलताई डोक्याला हात लावून बसल्या. रागवायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. "सगळे कोपरे उसवा. पुन्हा असं झालं तर परदेशातले खरेदीदार काम दुसरीकडे देतील."

आम्ही उसवत बसलो. ठुमलीबाई दाणे पदरात गोळा करायची आणि रिकामा कोपरा शिवताना अडखळायची. मला वाईट वाटत होतं, चीडही येत होती. कुणावर, ते कळेना. झालेल्या जॅकेटाला मी चिठ्ठी अडकवत होते. चिठ्ठीवर ठुमलीबाईचा हसरा फोटो.

"शोभाबाई, आठे काय लिखेल शे?" तिने विचारलं.

"माय-आजीपासून चालत आलेली रीत, जशीच्या तशी," मी वाचून दाखवलं.

तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"मंग हाई बी काढी टाक," ती म्हणाली आणि पुढचं जॅकेट ओढून उसवायला लागली.