उलाळ गाडी

सुट्टीत मी वहिनीच्या सोबतीला गावी राहिले होते. दादा सोलापुरात नोकरीला, घरात आम्ही दोघीच. सातव्याच महिन्यात तिला कळा सुरू झाल्या. होटगीहून दुपारची आगगाडी मिळाली, तरच वेळेत दवाखाना गाठता येणार होता.

शेजारच्या म्हाताऱ्या गाडीवानाने बैल जुंपले. सोलापुराहूनच परस्पर शाळेला जावे लागेल म्हणून माझी ट्रंकही घेतली. वहिनीला गोधडीवर निजवून मी अगदी मागच्या टोकाला पाय सोडून बसले. पुढे बसायचे तर गाडीवानाच्या पाठीला लागून बसावे लागले असते, आणि ते मला जमण्यासारखे नव्हते.

वाट सपाट असूनही डावा बैल घोगरा श्वास टाकत होता. मला ते ऐकू येत होते. वहिनी कण्हली की मी ऊन किती कलले ते पाही.

ओढ्याच्या वाळूत बैल थांबलेच. गाडीवानाने उतरून जुवाखाली हात घातला. मागे भार झाल्याने जू वर उचलले जाऊन पट्टे बैलांच्या गळ्याला काचत होते.

"अक्का, गाडी उलाळ झालीया की. निम्मा जीव गळा सोडवण्यातच चाललाय त्यांचा. वडायला काय उरंल?"

"पुस्तकांची ट्रंकही मागंच ठेवलीय तिनं," वहिनी डोळे न उघडता म्हणाली. "विद्या जड असते."

त्याने ट्रंक पुढे सरकवली, गाडीला दोर बांधून माझ्या हाती दिला आणि स्वतः चाकाला खांदा लावला. शाळेत मी रोज मैलभर चालत जाई, कधी धाप लागली नव्हती. इथे वीस पावलांत तोंड कोरडे पडले. पाऊल आधी मागे घसरे, मग कसेबसे पुढे जाई.

वाळू संपल्यावर मी चालतच येते म्हणाले.

"चालून काय करताय? हितं म्होरं बसा. जुवावर थोडं वजन पायजे."

मी त्याच्या पाठीला लागून बसले. बैलांचा श्वास मोकळा झाला. स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डाने बावटा उचलला होता. मी जन्मात पहिल्यांदा ओरडले. त्याने बावटा खाली घेतला.

वहिनी वाचली. मूल राहिले नाही. वहिनीच्या खाटेपाशी मी विचारले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल आधीच गेले होते, उशिराचा काही संबंध नाही. माझे त्यावर समाधान झाले नाही. वहिनीला कळू नये म्हणून मी तोच प्रश्न इंग्रजीतून पुन्हा विचारला. उत्तर तेच आले.