निरांजन फिरत असेपर्यंत

नळ टेकडीच्या पायथ्याशी आणि आमचं घर माथ्यावर. हंडे वाहून आईने गुडघे घालवले, पण मला शिकवलं. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

आमदार वस्तीत यायचे तेव्हा शाल, नारळ, भाषण आणि लगेच गाडी. पाण्याचं बोलणं 'बघू'वरच राहून जायचं. यंदा ओवाळायला मला उभं केलं. कार्यकर्ता कानाशी पुटपुटला, "ताई, टिळा लावा आन् बाजूला व्हा. साहेबांना घाई आहे."

मी निरांजन फिरवू लागले. साहेब हात जोडून उभे. मनात आलं, हार घालण्यात आणि टाळ्या वाजवण्यात आमचे हात इतके गुंतलेले असतात की आपल्याला तोंडही आहे, हे आम्हीच विसरतो. पण ओवाळणं चालू असताना समोरच्यालाही जागचं हलता येत नाही!

"दादा, माथ्यावर नळ कधी?" मी ताट फिरवता फिरवता साहेबांना विचारलं.

"बघू, बघू."

"मागच्या वेळीही बघूच म्हणालात." मी हात थांबवला नाही.

"अहो ताई, पुरे की!" कार्यकर्ता खेकसला.

मागून आईचा आवाज आला, "फिरव गं तू. तूप पुष्कळ घातलंय मी."

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. ज्योतीपलीकडून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुठला माथा?"

"तो काय, वर बघा."

त्यांनी मान वर केली.

दिवाळीआधी माथ्यावर नळ आला. आई आता दारातच हंडा भरते.