चार बोटांचे आबा

"माझ्या बापाची चेष्टा? टीव्हीवर? आबांचं बोट तुटलंय, हे आता अख्ख्या महाराष्ट्राला दाखवणार काय?"

मसालेवाले शेठ असे ओरडले की घणसोली गावातल्या आमच्या खोलीची कौलं जागची हलली. मास्तरांनी पेन्सिल कानामागे खोचली. मास्तर कार्टून काढायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. ते पाय उचललेला माणूस काढणार, मग पाय टेकलेला काढणार. मधल्या सगळ्या चित्रांचा प्रवास माझ्या माथी.

मुंबईच्या स्टुडिओत उंदीर, अस्वलं आणि दातांतले किडे नाचवण्यात मास्तरांची हयात गेली होती. तिथलं भाडं झेपेना म्हणून ते इकडे आले. टेबलावर आरसा असायचा. जो चेहरा काढायचा तो आधी स्वतः करून बघायचे. एकदा खवळलेली म्हैस चालू असताना दूधवाला दारात आला, तो पळत सुटला तो पार खाडीपलीकडे उलव्यालाच थांबला म्हणतात! खाली भाताची गिरणी. ती सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून आमची पात्रं भर मे महिन्यातसुद्धा कुडकुडायची.

शेठच्या जाहिरातीसाठी मास्तरांनी शेठच्या वडिलांनाच काढलं होतं. फेटा, भाल्यासारख्या मिशा, आणि चाल तर अशी रुबाबदार की आठवडाभर मीही तसाच चालत होतो. आबांना मास्तरांनी पाहिलं होतं ते फक्त फोटोत, तेही छातीपर्यंत.

"शेठ, कार्टूनला चारच बोटं असतात हो. पाच काढली की हाताचा केळ्यांचा घड होतो."

"आणि नेमकी आबांच्याच हाताला चार?" मिरची कांडायच्या यंत्रात आबांचं बोट गेलंय, हे आम्हाला तेव्हा कळलं. "पाचवं जोडा! नाहीतर काम कॉम्प्युटरवाल्याला. वाशीत एसी लावून बसलाय तो."

कागदांची थप्पी छताला टेकली होती. प्रत्येक कागदावर बोट जोडायचं म्हणजे जाहिरात पुढच्या जन्मी. आणि काम गेलं तर मास्तर दुकानांच्या पाट्या रंगवणार होते. म्हशीचा रागसुद्धा ज्याच्या हातात होता, तो माणूस 'येथे दळण दळून मिळेल' लिहिताना मला बघवला नसता.

आबा खाली गाडीतच होते. शेठनी त्यांना वर आणलं. "आबा, तुमीच बघा काय केलंय यांनी!"

मास्तरांनी थप्पीतला एक गठ्ठा अंगठ्याने फर्रकन सोडला. कागदावरचे आबा मिशीला पीळ देत चालू लागले. खुर्चीतल्या आबांचा हात आपसूक मिशीकडे गेला. "परत," ते म्हणाले. मग पुन्हा, "परत."

मग त्यांनी आपले दोन्ही पंजे उघडून न्याहाळले.

"माझं ह्या एकाच, डाव्या हाताचं गेलंय. तुमी दोन्हीचं घालवलं."

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली. "उजव्याला जोडू का, आबा?"

"नगं. आता जोडी झाली."