नावाजलेल्या शाळेचा लाल बिन

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी स्वतःचं हसं करून घेतलंय, पण प्लास्टिकच्या फाइलीसकट एकदाच.

जर्मनीत बायर्नमध्ये आम्ही राहायचो त्या गावात एक जुनं जिम्नॅशियम होतं. व्यायामशाळा नव्हे, पाचवीपासून पुढची, विद्यापीठाकडे नेणारी शाळा. सरकारी, फी नाही, पण मुलं निवडून घेणार. दगडी जिने, पाचवीपासून लॅटिन, आणि गावातल्या निम्म्या डॉक्टर-वकिलांचे आजोबा तिथेच शिकलेले. ज्यांची पोरं तिथे होती ते शाळेचं नावही घेत नसत. ‘आमचा तिथे आहे,’ एवढंच म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला ‘तिथे’ म्हणजे कुठे ते कळायचं.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिकडे मूल दहा वर्षांचं झालं की त्याची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांच्या मार्कांवर कोण जिम्नॅशियमला जाणार आणि कोण नाही ते शाळा सांगते. मुलीचे मार्क पुरेसे येणार होते. मग मी काय करावं? मार्च महिन्यातच पुण्याला सासऱ्यांना फोन करून सांगितलं, ‘‘अहो बाबा, इथली एक नंबरची शाळा मिळतेय.’’ हा नंबर कोणी लावला होता? आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या दादांनी. दादा आमच्या आधी दहा वर्षं जर्मनीत आलेले, त्यांचा मुलगा ‘तिथे’ सातवीत. ‘‘अरे, तिथे नंबर लागला की आयुष्यभराचा लागला,’’ असं ते म्हणायचे आणि मी मान डोलवायचो.

पालकांना शाळा दाखवायचा एक शनिवार असतो, ‘उघड्या दारांचा दिवस’ म्हणतात. आम्ही तिघंही गेलो. माझ्या काखेत फाइल. तिच्यात मुलीचा जन्मदाखला, पोहण्याचं प्रमाणपत्र, मंडळाच्या पाठांतर स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीस, आणि शेवटच्या कप्प्यात माझं स्वतःचं चौथीच्या स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र. नुसतं नाही, सरकारमान्य भाषांतरकाराकडून शिक्क्यासह जर्मन करून घेतलेलं. घराण्याची परंपरा दिसावी हा हेतू.

ऑफिसातल्या बाईंनी ते शांतपणे दोनदा वाचलं.

‘‘हे कोणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘अभिनंदन,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण प्रवेश मुलीला हवाय ना?’’

नावनोंदणी मे महिन्यात, तेव्हा फक्त जन्मदाखला आणि चौथीचं प्रगतिपुस्तक आणा, बाकीचं घरी राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, ‘‘बारावीचं मार्कशीट विसरलास वाटतं.’’

तोंड लपवायला मी समोरच्या भिंतीवरचे वर्गांचे फोटो बघायला लागलो, आणि तिथे गाडी रुळावरून घसरली.

माझं कामच तसं होतं. मी मोटारीच्या कारखान्यात सप्लायर क्वालिटी बघायचो. आम्हाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत जाऊन त्या किती खऱ्या ते तपासायचं. पिंपरीत पहिल्या नोकरीत माझ्या साहेबांनी शिकवलं होतं, की सप्लायरकडे गेलास की स्वागतकक्षातल्या ट्रॉफ्या बघू नकोस, लाल बिन कुठाय ते विचार. नापास झालेला माल त्यात टाकतात. लाल बिन दाखवतो त्याच्याशी बोलता येतं. दाखवत नाही तो एक तर देव असतो, नाही तर त्याने तो मागच्या दारी नेऊन ठेवलेला असतो.

पाचवीच्या एका वर्गाच्या फोटोत चार रांगा होत्या. त्याच वर्गाचा नववीतला फोटो शेजारच्या खांबापाशी, त्यात तीन, आणि तिसरी अर्धवट. पाचवीच्या तीन तुकड्या होत्या, दहावीच्या दोन. मी बोटाने डोकी मोजायला लागलो. तेवढ्यात मुलगी जवळ आली. ती घरात मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीवर तिने बोट ठेवलं. ती पाचवीत होती, सहावीत होती, सातवीत नव्हती.

‘‘बाबा, ही कुठे गेली?’’

मी म्हटलं, गाव बदललं असेल. पण मला ठाऊक होतं कुठे जातात ते. मीही पुण्यातल्या अशाच एका नावाजलेल्या शाळेत होतो. पाचवीत ‘अ’ तुकडी, सातवीत ‘क’, आणि आठवीच्या शेवटी सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, की याला दुसरीकडे घाला, आम्हाला दहावीचा निकाल बघावा लागतो. वडिलांनी घातलं. दुसऱ्या शाळेने मला दहावी पास केलं, इंजिनियर व्हायच्या लायकीचं केलं. आणि मी नालायक, कोणी ‘शाळा कुठली?’ विचारलं की पुढची वीस वर्षं पहिल्याच शाळेचं नाव सांगत आलो होतो. तिने मला टाकलं हे सांगायचं राहून जायचं.

हॉलमध्ये उपमुख्याध्यापकांचं भाषण झालं. मग ‘काही प्रश्न?’ झालं. बायकोने माझी बाही धरली होती, पण सैल.

मी उभा राहिलो. माझी जर्मन कारखान्यात शिकलेली, तिला आदबीचे प्रत्यय नाहीत. म्हटलं, ‘‘तुमच्या भिंतीवरचे फोटो मोजले. वरच्या वर्गांत मुलं कमी होत जातात. बाकीची कुठे जातात?’’

गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, ‘‘आमचं जिम्नॅशियम सगळ्यांसाठी नाही. काही मुलांना लवकर लक्षात येतं की त्यांची जागा दुसरीकडे आहे.’’

हॉलमधल्या माना समाधानाने हलल्या. प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याचं पोर होतं.

‘‘आमच्या कारखान्यात सप्लायर असं म्हणाला,’’ मी म्हटलं, ‘‘तर आम्ही सप्लायर बदलतो.’’

‘‘मुलं म्हणजे मोटारीचे सुटे भाग नव्हेत.’’

‘‘गेनाऊ,’’ मी म्हटलं. ‘‘अगदी बरोबर. म्हणून तर विचारतोय.’’

मागे कोणीतरी हसलं. बायको स्वतःच्या बुटांकडे बघत होती. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर मात्र, वर्गात बापाने शिट्टी वाजवल्यावर असावा, तसा भाव होता. लाज होती, पण नुसती लाज नव्हती.

पुढच्या रविवारी दादांकडे जेवायला होतो. बातमी आमच्या आधी पोचली होती. ‘‘काय रे, शाळेत युनियन काढतोयस म्हणे?’’ दादांनी दारातच सुरुवात केली. त्यांचा मुलगा खोलीत होता. वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होत्या आणि लाटता लाटता मोठ्याने म्हणत होत्या, ‘‘रोझा, रोझे, रोझे, रोझाम.’’ आम्ही शाळेत ‘रामः रामौ रामाः’ म्हणायचो त्याच चालीवर. फ्रिजवर लॅटिन शब्दांच्या चिठ्ठ्या, त्यावर हळदीची बोटं.

‘‘वहिनी, तुम्ही कधी शिकलात?’’

‘‘दोन वर्षं झाली की भाऊजी. मी केलं नाही तर याचं कोण करून घेणार? शाळेत एकदा सांगतात, पुढचं घरी. आणि आता त्यांनी जिम्नॅशियमचं एक वर्ष कापलंय, अभ्यास आहे तेवढाच. मंगळवारी लॅटिनची शिकवणी, गुरुवारी गणिताची…’’

‘‘हळू बोल गं,’’ दादा म्हणाले.

वहिनींना पदवीला संख्याशास्त्रात पहिला वर्ग होता. जर्मनीत आल्यावर नोकरी शोधायची होती, ती मुलाच्या लॅटिनमध्ये राहून गेली होती. आमच्या धंद्यात याला रीवर्क म्हणतात. सप्लायर माल अर्धवट पाठवतो, कोणीतरी बाहेर बसून तो घासूनपुसून नीट करतं, आणि कागदावर सप्लायरचे शंभर टक्के. त्या शाळेचं नाव वहिनींच्या ओट्यावर तयार होत होतं आणि शाळेच्या जिन्यावर लागत होतं.

मास्तर वाईट होते असं मी म्हणत नाही. हुशार आणि घरून तयार झालेली मुलं घ्यायची, कमी पडतील ती काढायची आणि उरलेल्यांचा निकाल मिरवायचा, याला कीर्ती म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही. तेव्हा नाही म्हटलं, आजही नाही.

परत येताना गाडीत हे सगळं ऐकवल्यावर बायको म्हणाली, ‘‘भाषण छान आहे. पण माझ्या बाबांना तू काय सांगणार आहेस ते आधी ठरव. आणि रोझा-रोझे मी करणार नाही, हे आत्ताच सांगते.’’

पुलापलीकडे आणखी एक जिम्नॅशियम होतं. चौकोनी सिमेंटची इमारत, व्यायामशाळेच्या छताखाली बादली. अभ्यासक्रम तोच, शेवटची परीक्षा तीच. दादांच्या भाषेत तिथे ‘उरलेली’ जायची. तिथल्या उघड्या दारांना मी फाइल नेली नाही, प्रश्न मात्र तोच नेला. पाचवी-सहावी बघणाऱ्या बाईंनी बोटांवर मोजलं.

‘‘मागच्या वर्षी चौघं गेली,’’ त्या म्हणाल्या आणि चौघांची पहिली नावं सांगितली. ‘‘दोघांना खरंच दुसरं काही हवं होतं. दोघांच्या बाबतीत आमचं चुकलं. उशिरा लक्षात आलं. आता दुपारी जेवणानंतर आम्ही मुलांना घेऊन बसतो.’’

इतक्या वर्षांत एवढ्या सहज लाल बिन दाखवणारा सप्लायर मला भेटला नव्हता. मी वहीत लिहून घेत होतो, तेवढ्यात मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘यांना त्यांची नावं माहीत आहेत.’’

मी एवढा ऑडिटर, पण हे मला सुचलं नव्हतं. मेमध्ये आम्ही तिचं नाव तिथे घातलं.

सासऱ्यांना फोन करून सांगितलं. ‘‘मार्क कमी पडले का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘नाही बाबा, पुरेसे होते.’’ ‘‘मग?’’ या ‘मग’चं उत्तर मी पाच मिनिटं दिलं. ते म्हणाले, ‘‘बरं, तब्येतीला जपा.’’

मंडळाच्या गणपतीत दादांनी प्रसाद वाटता वाटता सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘काय, कुठे घातलीस शेवटी?’’ मी सांगितलं. दोन-तीन घरांचे चेहरे सांत्वनाचे झाले. दादा म्हणाले, ‘‘वाईट वाटून घेऊ नकोस. पुढे बदलता येतं.’’

‘‘दादा, मुलीचे मार्क पुरेसे होते,’’ मी म्हटलं. ‘‘शाळा पुरेशी नव्हती.’’

दादांनी माझ्या हातावर मोदक अर्धाच ठेवला.

एवढी छाती काढून बोलल्यावर नोव्हेंबरात काय व्हावं? मुलीने इंग्रजीत चार आणला. तिकडे एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे खड्डा, आणि चार म्हणजे खड्ड्याच्या काठावर बसणं. माझी हवा गेली. रात्रभर मला भिंतीवरचे फोटो दिसले. सकाळी बायकोला म्हटलं, रोज संध्याकाळी मी तिला घेऊन बसतो, वेळापत्रक करतो, शिकवणी बघतो. ‘‘म्हणजे रीवर्क,’’ ती म्हणाली. मी ऐकलं नाही. ऑफिसातून लवकर निघून शाळेत गेलो आणि त्याच बाईंसमोर वेळापत्रक ठेवलं. सोमवार ते शनिवार, रंगीत.

बाईंनी ते वाचून माझ्याकडे परत सरकवलं.

‘‘चार का आला ते मला माहीत आहे. ती उत्तर तपासत बसते, वेळ संपतो. ते माझं काम आहे, मी करते. तुम्ही कृपा करून घरी काही करू नका.’’

‘‘काहीच नाही?’’

‘‘तिच्याबरोबर जेवा.’’

घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘मला हात लावायला मनाई केलीय.’’

‘‘शहाण्या दिसतायत,’’ ती म्हणाली आणि मला कोशिंबिरीसाठी काकड्या चोचवायला बसवलं.

नाताळच्या आधी मुलीने तीन आणला. तीन म्हणजे काही फार नाही. ठीकठाक. ‘तिथे’ असती तर कोणी तो सांगितलाही नसता. मी त्याच संध्याकाळी दादांना फोन केला आणि त्यांनी न विचारता सांगितला.