बेचाळीस अकरा

माझ्या मावसबहिणीला या कामात मीच आणलं, आणि तिच्यावर जळत बसलो तोही मीच. सरळ सांगतो, आडपडदा कशाला?

पंचगंगेचं पाणी किती चढलं हे मोबाईलवर दाखवणारं एक अ‍ॅप आम्ही काहीजण हौसेनं, फुकट चालवतो. त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी. पण ती माणसाच्या नजरेला पडायच्या आधी मशीन तपासतं. लिहून ठेवलेल्या सगळ्या तपासण्या आपोआप चालतात. सगळ्या पास झाल्या की हिरवी खूण, एक जरी नापास झाली की लाल फुली. लाल असेल तर पुढं कोण ढुंकून बघत नाही.

बहीण कबनूरची, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात मागांचा खडखडाट, त्यातच बसून शिकली. शिकवलं मी. आणि तिची पहिलीच दुरुस्ती एका दमात हिरवी! त्याच आठवड्यात माझी तीनदा लाल. अ‍ॅप सुरू केलेले सर ग्रुपवर म्हणाले, "पोरगी पक्की आहे." मला चार वर्षांत त्यांनी नुसता अंगठा दाखवला होता, तोही मोबाईलमधला. असा तिळपापड झाला म्हणता माझा!

त्यात सरांनी जाहीर केलं, पावसाळ्याआधी आम्हा दोघांपैकी एकाला दुरुस्त्या मंजूर करायचा अधिकार देणार. तो मला पाहिजे होता. तिला मिळू नये, हे त्याहून जास्त पाहिजे होतं.

मग मी जोर लावून मोठं काम केलं. पाणी वाढतंय की उतरतंय, हे अ‍ॅपनंच सांगायचं. पाठवलं, तर लाल फुली! नापास झालेली तपासणी उघडून बघतो तर ती बहिणीनं लिहिलेली. पाणी ४२.९ वरून ४२.११ झालं, तर 'वाढतंय' असंच आलं पाहिजे म्हणे.

आयला, मला तर आनंदच झाला. घावली की! सगळ्यांना दिसेल असं ठणकावून लिहिलं, "तपासणीच चुकीची आहे. ४२.९ मोठं. दशांश अपूर्णांक शाळेत शिकवतात."

पाच मिनिटांत तिचा फोन. "दादा, ते फूट आणि इंच हाय की. बेचाळीस फूट नऊ इंच, मग बेचाळीस फूट अकरा इंच. आपल्याकडं असंच लिवत्यात न्हवं?"

सगळा जन्म कोल्हापुरात गेला. दर पावसाळ्यात घाटावर "पावणं, किती हाय पाणी?" म्हणून विचारायचं आणि "बेचाळीस अकरा" ऐकून घरी यायचं. आणि कोड लिहायला बसलो तेव्हाच नेमका शहाणा झालो.

"सरांनी बघायच्या आत पुसून टाक ते. मी कुणाला सांगत न्हाय," ती म्हणाली. त्या चांगुलपणानं माझं डोकं आणखीच फिरलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुसायला बसलो आणि आई आठवली. तिचं घर नदीजवळ, सखल भागात. त्रेचाळीस फुटाला धोक्याची पातळी. त्याआधीच ती आमचं अ‍ॅप बघून सामान माळ्यावर चढवते. आणि माझं काम तिला बेचाळीस फूट दहा इंचाला सांगणार होतं, पाणी उतरतंय.

पुसलं नाही. खाली लिहिलं, "चूक माझी. तपासणी बरोबर आहे." काम दुरुस्त केलं आणि सरांना कळवलं, अधिकार तिलाच द्या. कळवताना दातओठ खात होतो, खोटं कशाला बोलू? अधिकार मिळाल्यावर तिनं पहिलं मंजूर केलं ते माझंच काम.

त्या पावसाळ्यात पाणी बेचाळीस दहाला आलं, आणि अ‍ॅपनं बरोबर 'वाढतंय' सांगितलं. मी आईकडं स्टुलावर चढून तांदळाचा डबा माळ्यावर ढकलत होतो. खाली आई शेजारणीला मोबाईल दाखवत होती. "माझ्या बहिणीच्या लेकीनं केलंय हे. लई हुशार पोरगी!"

मी वरूनच हात पुढं केला. पुढचा डबा दे म्हणालो.